चौऱ्याऐंशीची माघार

गडहिंग्लज
१२ नोव्हेंबर २०२२

तम्मा गणपती,

शरणु शरणार्थी.

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी आहे अजून, आणि तू अजून माझा तम्मा, धाकटा भाऊच. फोनच केला असता, पण तुझा कान गेला आणि माझा आवाज बसला. दोघं मिळून बोललो असतो तर आजऱ्याच्या निम्म्या गावानं ऐकलं असतं.

कारण असं की, जानेवारीत मला ऐंशी पुरी होतात. पोरांनी मोठा कार्यक्रम धरलाय आणि एक गौरव अंक काढायचं ठरवलंय. नातू रुद्रेशनं माझ्या सगळ्या निवडणुकांची यादी केली आहे, साल घालून, मतं घालून. सोबत जोडली आहे. बघून मलाच माझं कौतुक वाटलं. एवढं लढलो कधी रे?

अंकात तुझा लेख हवा. ‘विरोधकाच्या नजरेतून’ असं नावही ठरलंय. पन्नास वर्षांत माझ्याविरुद्ध सगळ्यात जास्त वेळा तू उभा राहिलास. पाच वेळा. एवढ्या चिकाटीनं माझे कार्यकर्तेसुद्धा माझ्याबरोबर राहिले नाहीत. दोन पानं लिही. शिव्या घातल्यास तरी चालेल, जरा गोडीनं घाल.

जाता जाता एक. आपल्या गावात यंदा सरपंचपद सर्वसाधारण महिलेला सुटलंय. आमची नातसून, रुद्रेशची बायको रक्षिता उभी राहते आहे. तुझी नात अक्षतासुद्धा अर्ज भरणार असं कानावर आलं. पोरगी हुशार आहे, पाणी योजनेसाठी तिनं किती हेलपाटे मारले ते मला ठाऊक आहे. पण गावातली वडीलधारी मंडळी म्हणतात, निवडणूक बिनविरोध व्हावी, उगाच गावात दोन तट नकोत. तू तिला चार शब्द सांगितलेस तर ती ऐकेल. पुढच्या खेपेला तिचा विचार होईलच.

घरी तानूबाईला नमस्कार सांग.

तुझा,
भरमाप्पा पट्टणशेट्टी


आजरा
१७ नोव्हेंबर २०२२

भरमाण्णा,

जय भीम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. लेखाचा मजकूर दीड पान आणि ‘जाता जाता’ अर्धं पान, पण पत्र लिहायला बसलात ते त्या अर्ध्या पानासाठी, एवढं कळायला माझा कान लागत नाही.

आधी यादीचं बघू. मी चाळीस वर्षं काजूच्या कारखान्यात प्रतवारी केली. अख्खा काजू एका बाजूला, तुकडा एका बाजूला. तुकड्याला अख्खा म्हणायची सवय मला लागली नाही. म्हणून सांगतो. पंच्याण्णवला तुम्ही विधानसभेला चौदा हजारांनी पडलात, त्याला रुद्रेशनं ‘निसटता पराभव’ म्हटलंय. चौदा हजारांनी माणूस निसटत नाही अण्णा, आपटतो. ब्याण्णवची जिल्हा परिषद तुम्ही जिंकलीत ते खरं, मतंही बरोबर आहेत. तुमचं श्रेय मी कधी नाकारलेलं नाही. ओढ्यावरचा पूल तुम्हीच बांधलात आणि तो अजून उभा आहे.

पण यादीतली चौथी ओळ: ‘१९८४. ग्रामपंचायत. सरपंचपदी बिनविरोध निवड. गावाच्या एकीचे प्रतीक.’

रुद्रेश तेव्हा जन्मलेला नव्हता, म्हणून त्याला माफ. तुम्ही तर होता की.

तेव्हा सरपंच सदस्यांतून निवडला जायचा, आणि आपल्या वॉर्डातून जो येईल तोच सरपंच होणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वॉर्डात अर्ज दोनच, एक तुमचा आणि एक माझा. माघारीच्या दिवशी सकाळी गावची पंच मंडळी मला बिरदेवाच्या देवळात घेऊन गेली. तुम्ही मूठभर भंडारा उचललात आणि देवासमोर म्हणालात, ‘या पाच वर्षांला मी, पुढच्या पाच वर्षांला गणपती. त्याच्यासमोर मी उभा ऱ्हाणार न्हाय.’ मग ताट माझ्यापुढं आलं. मी म्हणालो, मी बुद्धाचा माणूस, देवापुढं शपथ घेत नाही, माझा शब्द हीच माझी शपथ. आणि दुपारी तीनच्या आत तहसीलदार कचेरीत जाऊन अर्ज मागे घेतला.

पाच वर्षं झाली. नव्याऐंशीला तुम्ही पुन्हा उभे राहिलात. मी विचारायला आलो तेव्हा म्हणालात, ‘भंडारा तू कुठं उचलला हुतास? एका हातानं टाळी वाजती व्हय?’ ओसरीवरची सगळी माणसं हसली. मीही हसलो, कारण काय करावं ते कळेना.

म्हणून सांगतो, लेख हवा असेल तर ती चौथी ओळ खरी करा. आणि अक्षताला मी चार शब्द सांगितले आहेत. ते असे: ‘अर्ज मागं घ्यायचा न्हाय.’

आपला,
गणपती सोनुले


गडहिंग्लज
२३ नोव्हेंबर २०२२

गणपती,

तुझं पत्र वाचून रक्तदाब वाढला. डॉक्टरला कारण सांगितलं नाही.

अडतीस वर्षांनी तू हे काढतोस? सरकारदरबारी नोंद बिनविरोधच आहे, जाऊन बघ. एक अर्ज राहिला, एक माघारी गेला, याला कायद्यात दुसरा शब्द नाही. मी काय तुझा हात धरून सही घेतली होती?

आणि टाळीचं म्हणशील तर आजही तेच म्हणेन. गावाची रीत म्हणजे रीत. दोघं भंडारा उचलतात तेव्हा बोली पक्की होते. तू उचलला नाहीस, तुझी कारणं तुझ्यापाशी. पण मग बोली अर्धीच राहिली की नाही? मला त्या वेळी कार्यकर्त्यांनी असंच सांगितलं, आणि मला ते पटलं.

अक्षताचं तुझं तू बघ. रुद्रेश आणि गावची माणसं काय ठरवतील ते ठरवतील, मी यात पडणार नाही. मी आता फक्त हार घालून घ्यायला उरलोय.

लेख नको असेल तर राहू दे. दोन पानांनी माझं काही अडलेलं नाही.

भरमाप्पा


आजरा
२९ नोव्हेंबर २०२२

भरमाण्णा,

जय भीम.

काल अक्षतानं अर्ज भरला. तानूबाई तिच्याबरोबर गेली होती. गुडघ्याला पट्टा बांधून, एस.टी.नं, उभ्यानं. मी म्हटलं तू कशाला, तर म्हणाली, ‘मागल्या येळंला म्या गेले नव्हते, म्हणून कागुद माघारी आला.’

कायद्यात दुसरा शब्द नाही म्हणता. कायद्यात नसेल. माझ्या घरात आहे. त्या दिवसाचं तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

चौऱ्याऐंशीला तानूबाई आठवडाभर दारोदार फिरली होती. आमच्या गल्लीतलीच नाही, तुमच्या पेठेतलीसुद्धा सतरा घरं तिनं केली. मिरच्या खुडायला ती ज्या बायकांबरोबर जायची, त्यांनी तिला मत द्यायचा शब्द दिला होता. मी माघार घेऊन घरी आलो. चूल पेटलेली नव्हती. तिनं एवढंच म्हटलं, ‘पडून आला असतासा तर आंघुळीला पाणी काढलं असतं, भाकरी थापली असती. न लढताच आलासा. आता घ्या तुमच्या हातानं.’

मी अंधारात थंड पाण्यानं आंघोळ केली. तेव्हा मला वाटत होतं की मी मोठं काम करून आलोय. गाव एक ठेवलं, पुढच्या खेपेचं पद पदरात पाडलं. तिनं एका वाक्यात माझी प्रतवारी केली.

त्यानंतर मी पाच वेळा लढलो. तुमची यादी आली, आता माझीही घ्या. नव्याऐंशी, ग्रामपंचायत, एकसष्ट मतं. ब्याण्णव, जिल्हा परिषद, बाराशे चार. सत्त्याण्णव, पंचायत समिती, नऊशे सत्तर. दोन हजार, ग्रामपंचायत, एकशे त्रेचाळीस. दोन हजार सात, पंचायत समिती, एक हजार नऊशे अठरा. पाचही वेळा पडलो, आणि पाचही वेळा घरी आलो तेव्हा बंबात पाणी तापलेलं होतं. याला तुम्ही हट्ट म्हणा, खूळ म्हणा. मी याला माझी कारकीर्द म्हणतो आणि मला तिची लाज वाटत नाही.

एकसष्ट माणसांनी नव्याऐंशीला तुमच्याविरुद्ध शिक्का मारला. त्यातली किती तरी तुमच्याच शेतात कामाला होती. चौऱ्याऐंशीला किती जणांनी मारला असता हे मला कधीच कळणार नाही. ते तुम्ही माझ्याकडून नेलंत. सरपंचपद नाही नेलंत, ते कदाचित तुम्हालाच मिळालं असतं.

गावातून निरोप आला की पंच मंडळी भंडाऱ्याचं ताट घेऊन अक्षताकडं जाणार आहेत. ती म्हणाली, ‘येऊ देत, चहा पाजते.’ मी आणि तानूबाई उद्या गावी जातोय, निकाल लागेपर्यंत थोरल्याच्या घरी. पुढचं पत्र तिकडं पाठवा. पाठवणार असाल तर.

गणपती


गडहिंग्लज
५ डिसेंबर २०२२

तम्मा,

हे पत्र टपालानं वेळेत पोहोचणार नाही, म्हणून आकाराम कंडक्टरच्या हाती देतोय. तो तुमच्या गाडीला आहे. उत्तरही त्याच्याच हाती दे. परवा दुपारी तीनला माघारीची मुदत संपते.

तुझं मागचं पत्र आल्यापासून मी नीट जेवलेलो नाही. तानूबाईचं ते वाक्य कानातून जात नाही.

आज छाननी झाली, दोघींचे अर्ज मंजूर. दुपारी पंच मंडळी माझ्या घरी आली. भंडाऱ्याचं ताट टेबलावर ठेवलं आणि सांगू लागली, ती पोरगी ऐकत नाही. चहा पाजला आणि म्हणाली, ‘ही जागा सगळ्या बायकांची हाय. कुणी तरी एकटीनं घ्यायची असती तर निवडणूक कशाला लावली?’ तर म्हणे, आप्पा, तुम्ही स्वतः चला, तुम्ही भंडारा उचला, तुमचा शब्द गाव मोडत नाही.

माझा शब्द! गणपती, मला एकदम हसू आलं, आणि मग घाम फुटला.

तुला एक सांगतो, हे मी घरातसुद्धा बोललेलो नाही. नव्याऐंशीनंतर बिरदेवाच्या देवळाची पायरी मी चढलेलो नाही. प्रचाराचा नारळ दुसऱ्या देवळात फोडायला लागलो. लोक विचारायचे तेव्हा गुडघे दुखतात म्हणायचो. सेहेचाळीस वर्षांचा होतो रे, कसले गुडघे! टाळीची गोष्ट मी लोकांना सांगत आलो. तुलाही परवा पुन्हा लिहिली. पण भंडारा माझ्या हातात होता. तुझ्या हातात होता की नव्हता याच्याशी देवाला काय घेणं?

मी चुकलो. हे दोन शब्द लिहायला मला अडतीस वर्षं लागली.

आता ऐक. मी ठरवलंय. रक्षिताला परवा माघार घ्यायला लावतो. रुद्रेश चिडेल, चिडू दे. अक्षता बिनविरोध सरपंच होईल. तुझं जे मी नेलं ते तुझ्या नातीला परत. माझा शब्द उशिरा का होईना पुरा होतो. तेवढा ‘हो’ लिहून पाठव.

भरमाण्णा


गावातून
६ डिसेंबर २०२२

भरमाण्णा,

जय भीम.

आज बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. सकाळी विहारात मेणबत्त्या लावून आलो आणि दारातच आकाराम पत्र घेऊन उभा. तिथंच पायरीवर बसून वाचलं. ते दोन शब्द वाचताना चष्मा काढावा लागला. तुम्ही ते लिहिलंत, माझ्या मनात आता काही राहिलं नाही. हे मनापासून लिहितोय.

पण उत्तर ‘नाही’ असं आहे.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला मोह झाला. पाच वेळा पडलेला माणूस मी. घरात सरपंचपद चालत येतंय, नको कसं म्हणू? मी अक्षताला हाक मारली, पत्र वाचून दाखवलं. तिनं एकच प्रश्न विचारला. ‘आज्जा, रक्षितावहिनीला कुणी इचारलं काय?’

मी पत्र पुन्हा चाळलं. पंच मंडळी आहेत, रुद्रेश आहे, देव आहे, तुम्ही आहात, मी आहे. रक्षिताला विचारल्याचं कुठंच नाही. चौऱ्याऐंशीला माझं जे झालं तेच आता तुमच्या नातसुनेचं होणार, आणि या वेळी करणारे आपण दोघं. मला माझीच लाज वाटली.

अक्षता म्हणाली ते तसंच लिहितो. ‘मला पाडायचं असंल तर मतांनी पाडा. निवडायचं असंल तर मतांनी निवडा. दिलेलं सरपंचपद मला नगं. उद्या कुणीबी म्हणंल, आप्पांनी दिलं.’

तेव्हा अण्णा, माघार कुणीच घ्यायची नाही. तुमच्या रक्षितानंही नाही, आमच्या अक्षतानंही नाही. तुम्हाला काही द्यायचंच असेल तर एवढं द्या, त्या ताटाला उद्या तीन वाजेपर्यंत कुणाच्या दारात जाऊ देऊ नका.

गणपती


गडहिंग्लज
८ डिसेंबर २०२२

तम्मा,

काल सकाळी रक्षिताला समोर बसवलं आणि विचारलं. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तिला चहात साखर किती याच्यापलीकडं काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, ‘अज्जा, उभं ऱ्हा म्हणताना बी कुणी इचारलं नव्हतं. पण आता उभी हाय, तर मागं सरायची न्हाय. त्या अक्षताची भाषणं ऐकून मी बी पाणी योजनेची फाइल वाचायला घेतलीया.’

मग पंच मंडळींना निरोप दिला की ताट देवळात परत ठेवा. ते ऐकेनात, तेव्हा मी स्वतः तहसीलदार कचेरीत जाऊन बसलो. म्हटलं कुणाला काय सांगायचंय ते माझ्यासमोर सांगा. अकरा ते तीन, लाकडी बाकावर. दोघी पोरी माझ्या दोन बाजूंना. दोन वाजता अक्षतानं डबा उघडला आणि तिघांनी मिळून खाल्लं. तानूबाईच्या हातची मेथी होती ना? मी ओळखली नाही, तिनं सांगितलं.

तीन वाजले. साहेबांनी बाहेर येऊन यादी लावली. दोन नावं. पन्नास वर्षांत मी अशा किती याद्या बघितल्या, दुसऱ्या नावाचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.

रुद्रेश माझ्याशी बोलत नाही. गौरव अंकाचं काम त्यानं सोडलं आहे. आता तो अंक मीच बघतो.

भरमाण्णा


गडहिंग्लज
१९ डिसेंबर २०२२

तम्मा,

काल मतदान झालं, उद्या मोजणी. निकालाच्या आधीच हे पाठवतोय. अक्षता जिंकल्यावर पाठवलं असतं तर लाचारी वाटली असती, हरल्यावर पाठवलं असतं तर दया.

मत द्यायला गावी आलो होतो. कुणाला दिलं ते विचारू नकोस. एवढंच सांगतो, यंत्रापुढं माझा हात थोडा वेळ थांबला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मला निवड करावी लागली. मग बिरदेवाच्या देवळात गेलो. सात पायऱ्या. आता गुडघे खरंच दुखतात, तरी चढलो.

सोबत गौरव अंकाच्या त्या पानाचं कच्चं मुद्रण आहे. छापणाऱ्यानं दोनदा फोन करून विचारलं, आप्पा, असंच ठेवायचं? म्हटलं असंच. चौथी ओळ बघ. पंच्याण्णवचीही दुरुस्त केली आहे.

लेख पाठवशील का?

भरमाण्णा


गावातून
२१ डिसेंबर २०२२

भरमाण्णा,

जय भीम.

निकाल तुम्हाला कळलाच आहे. रक्षिता सहाशे अकरा, अक्षता पाचशे चौऱ्याहत्तर. सदतीस मतांनी गेली. रक्षिताला आमचे आशीर्वाद सांगा. गुलाल अंगावर असतानाच ती आमच्या दारात आली आणि अक्षताला म्हणाली, ‘योजनेची फाइल घिऊन परवा पंचायतीत ये.’ अक्षता म्हणाली, ‘येते. पण सरळ वागला न्हाईसा तर पाच वर्षांनी हाय मी.’ दोघी हसल्या. माझ्या सगळ्या मतांची बेरीज करून ठेवली तरी एवढं समाधान कधी मिळालं नव्हतं.

आता काल सकाळचं सांगतो. आकारामनं तुमचं पाकीट आणून दिलं तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो, बाकी सगळे मोजणीला. तानूबाईला वाचता येत नाही. मी चौथ्या ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं:

‘१९८४. ग्रामपंचायत. सरपंच. विरोधी उमेदवार: गणपती सोनुले. मते: मोजू दिली नाहीत.’

तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग पदर खोचून मागं परसात गेली.

दुपारी अक्षता पडून घरी आली. डोळे लाल, पण मान ताठ. तानूबाईनं बंब पेटवून ठेवला होता. न्हाणीच्या दारात दोन बादल्या, दोन्हीतून वाफा येत होत्या. अक्षतानं तिची बादली उचलली आणि आत गेली.

मी तानूबाईला विचारलं, दुसरी कुणाला गं?

‘तुमास्नी,’ ती म्हणाली. ‘चौऱ्याऐंशीचं ऱ्हायलं हुतं.’

लेख सोबत पाठवतोय. दोनच पानं आहेत.

तुमचा,
गणपती